अडीच मिनिटांची युती

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गेली काही वर्षं आपल्या मंडळातली मुलं संध्याकाळी दप्तर टाकलं की पाने, स्क्रू आणि लॅपटॉप घेऊन बाहेर पडतात. ती कुठे जातात, काय करतात, हे सांगायला कार्यक्रम समितीनं आम्हां काही पालकांना इथे उभं केलं आहे. रोबोट कसा बनवतात ते मुलं आमच्यापेक्षा चांगलं सांगतील, आणि उद्या संध्याकाळी प्रात्यक्षिकात दाखवतीलही. आम्ही सांगणार आहोत ते रोबोटच्या बाहेरचं. या स्पर्धेत मुलांना अनोळखी मुलांशी बसून वाटाघाटी कराव्या लागतात. त्या कशा करायच्या, हे मुलांच्या मागे उभं राहून आम्ही जे पाहिलं, त्यातून सांगतो.

मुलं या प्रकाराला 'अलायन्स' म्हणतात. आपण मराठीत युती म्हणू. युती आणि आघाडी हे शब्द बातम्यांत ऐकून ऐकून आपल्या चेहऱ्यावर हसू येतं, ते आत्ताही दिसतंय. पण ही युती अडीच मिनिटांची असते आणि तिच्यात खातेवाटप आधी करावं लागतं.

थोडी ओळख करून देतो. डीन केमेन या अमेरिकन संशोधकानं १९८९ साली 'फर्स्ट' नावाची संस्था सुरू केली. शाळकरी मुलांना विज्ञान आणि यंत्रांची गोडी खेळाच्या मैदानासारखी लागावी, ही कल्पना. १९९२ साली तिची पहिली मोठी स्पर्धा झाली. आपली मुलं खेळतात ती तिचीच लहान आवृत्ती, 'फर्स्ट टेक चॅलेंज', म्हणजे एफटीसी. ती सातवी ते बारावीच्या मुलांसाठी असते. बारा फूट लांब, बारा फूट रुंद मैदान. सुरुवातीला अठरा इंचांच्या घनात बसेल एवढा रोबोट. दर वर्षी खेळ नवा. पहिली ३० सेकंदं रोबोट स्वतःच्या आज्ञावलीवर चालतो, कुणी हात लावायचा नाही. नंतरची २ मिनिटं मुलं तो हातातल्या कंट्रोलरनं चालवतात.

मैदानावर एका वेळी चार रोबोट असतात. दोन लाल बाजूचे, दोन निळ्या बाजूचे. साखळी सामन्यांत आपला जोडीदार कोण हे संगणकानं बनवलेलं वेळापत्रक ठरवतं. सकाळच्या सामन्यात जो संघ आपल्या बाजूनं आहे, तो तासाभरात समोरच्या बाजूला उभा असू शकतो. आणि दुपारी बाद फेरीसाठी जोड्या ठरतात, तेव्हा तोच संघ आपल्याला निवडेल किंवा आपण त्याला निवडू, हीही शक्यता असते.

या रचनेत एक शहाणपण आहे. जोडीदाराला फसवून एक सामना जिंकता येईल. पण फसवलेला माणूस दिवसभर त्याच हॉलमध्ये, चार टेबलं पलीकडे बसलेला असतो आणि त्याला सगळे विचारायला येतात, "तो संघ कसा आहे हो?" बाजारात पत कशी तयार होते, ते मुलांना एका दिवसात कळतं.

आता प्रत्यक्ष वाटाघाटींकडे येऊ. उदाहरण म्हणून २०२४-२५ चा खेळ घेतो. त्याचं नाव होतं 'इनटू द डीप'. मैदानावर काडेपेटीच्या आकाराचे, पण मोठे, असे रंगीत ठोकळे असतात. पिवळे दोन्ही बाजूंचे सामायिक, लाल फक्त लाल बाजूचे, निळे फक्त निळ्यांचे. ठोकळा कोपऱ्यातल्या उंच टोपलीत टाकला की ८ गुण. आपल्या रंगाच्या ठोकळ्याला मैदानाबाहेर उभा असलेला आपला खेळाडू एक अडकवणी लावून देतो. तो ठोकळा मधल्या चौकटीच्या वरच्या दांडीवर टांगला की १० गुण. शेवटी रोबोटनं मधल्या चौकटीवर चढायचं. चढण्याच्या दुसऱ्या पायरीला १५, तिसऱ्या पायरीला ३० गुण.

सामन्याआधी दोन्ही संघ भेटतात. बहुतेकदा संवाद असा होतो. "तुमचा रोबोट काय करतो?" "सगळं करतो." "वा! आमचाही सगळं करतो. मग ठरलं." हात मिळवतात, हसतात. मग मैदानावर दोन्ही रोबोट एकाच टोपलीकडे धावतात. टोपल्यांचा कोपरा प्रत्येक बाजूला एकच आहे. एक टाकत असतो तेव्हा दुसरा मागे ताटकळतो, कधी धडकतो. समजा एकटा रोबोट सात ठोकळे टाकू शकतो आणि दुसराही सात. दोघांचे मिळून चौदा व्हायला हवेत, होतात नऊ. गणित चुकलेलं नसतं, बोलणं अर्धवट झालेलं असतं.

हे टाळण्यासाठी मुलांनी हळूहळू एक पद्धत बसवली. तिच्यातल्या चार-पाच गोष्टी घरच्या व्यवहारातही उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, विशेषणं बंद, आकडे सुरू. 'चांगला', 'फास्ट', 'एकदम भारी' असलं काही बोलायचं नाही. मागच्या तीन सामन्यांत उंच टोपलीत किती टाकले, ते सांगायचं. चार, सहा, पाच, असं. सर्वांत चांगला आकडा निवडून सांगायचा नाही. जोडीदाराला बेत आखायचा असतो, आणि तो आपल्या रोजच्या खेळावर आखावा लागतो. आपल्या एका चांगल्या दिवसावर आखलेला बेत टिकत नाही.

दुसरी गोष्ट, उणीव आपण आधी सांगायची. "आमची पहिली ३० सेकंदं भरवशाची नाहीत, पाचात दोनदा रोबोट डावीकडे भरकटतो." असं सांगितलं की समोरचा संघही मोकळा होतो. त्यांच्या हाताची दोरी मधूनच अडकते, हे तेही सांगतात. मग दोघे मिळून अशी जागा शोधतात की एकाचा रोबोट भरकटला तरी दुसऱ्याच्या वाटेत येणार नाही. उणीव लपवली तर ती अडीच मिनिटांत सगळ्या हॉलला दिसतेच. आधी सांगितली तर तिच्यावर इलाज करता येतो.

तिसरी गोष्ट, जागा आणि वेळ वाटून घ्यायची. सुरुवातीला टोपलीच्या बाजूला कोण, दुसऱ्या बाजूला कोण. दोघेही टोपलीवाले असतील तर एकानं दांडीकडे वळायचं का? शेवटी चढताना डावीकडे कोण, उजवीकडे कोण, आणि कितव्या सेकंदाला काम सोडून चढायला निघायचं? कागदावर मैदानाचा चौकोन काढून दोन रंगांच्या पेनांनी वाटा आखल्या की अर्धे वाद तिथेच मिटतात. मुलं तो कागद जपून ठेवतात. सामना संपल्यावर कुणी म्हणालं, "तुम्ही असं म्हणाला नव्हता", तर कागद समोर असतो.

चौथी गोष्ट, बिघाडाचं आधी बोलून ठेवायचं. एकाचा रोबोट बंद पडला तर दुसऱ्यानं काय करायचं? सामना चालू असताना ओरडायचं कुणी? दोन संघांचे दोन प्रशिक्षक एकदम सूचना देऊ लागले की चालवणाऱ्या मुलाचा गोंधळ उडतो. म्हणून एकच आवाज, आणि कोणाचा तो आधी ठरलेला.

हे सगळं ऐकायला सोपं आहे. अवघड जागा पुढे आहे, आणि आज बोलायचं मुख्य कारणही तेच.

कधी जोडीदार म्हणून असा संघ येतो की त्याचा रोबोट कसाबसा चालतो. मुलं लहान गावातून आलेली, पहिलंच वर्ष, हात बसवलेला पण उचलत नाही. सामना महत्त्वाचा असतो. तेव्हा जाणत्या संघांत एक सोपा सल्ला फिरतो, "त्यांना सांगा, बाजूला उभे राहा, मध्ये येऊ नका." हिशेबानं पाहिलं तर तो अगदीच चूक नाही. रोबोट ठरलेल्या जागेत जाऊन थांबला तरी ३ गुण मिळतात आणि वाट मोकळी राहते. पण चार महिने खपून, रात्रभर रेल्वेनं प्रवास करून आलेल्या पोरांना "तुम्ही उभे राहा" हे सांगायचं कसं? आणि का?

आमच्या संघाच्या नववीतल्या एका मुलीवर ही वेळ आली. तिनं त्या मुलांना विचारलं, "तुमचा रोबोट सरळ ढकलू शकतो का?" ढकलू शकत होता. मग तिनं कागदावर दाखवलं. आपल्या रंगाचे तीन ठोकळे सुरुवातीलाच त्या बाजूला जमिनीवर ठेवलेले असतात. ते एकेक करून आपल्या खेळाडूच्या जागेत ढकलायचे आणि लगेच बाहेर यायचं, म्हणजे त्याला सुरक्षितपणे हात घालता येतो. तो अडकवणी लावेल आणि आमचा रोबोट ते वर टांगेल. तीन ठोकळे टांगले तर ३० गुण. नुसतं उभं राहून मिळणारे ३ गुण कुठे आणि ३० गुणांना हातभार कुठे! शिवाय आमच्या रोबोटच्या तीन फेऱ्या वाचल्या. पाहुण्या मुलांनी तीनपैकी दोन ठोकळे नीट पोहोचवले. त्यांच्या बाकावर जी आरोळी उठली, ती जिंकलेल्या संघाचीच वाटत होती.

आम्हांला इथे एक गोष्ट स्पष्ट दिसली. तिनं त्या मुलांवर दया केली नाही. "तुम्हांलाही खेळू देतो" असं म्हणून मैदान अर्धं करून दिलं नाही, कारण त्यात दोघांचंही नुकसान होतं. त्यांना खरोखर काय जमतं हे विचारलं आणि त्या जमण्याला बेतात किंमत असेल अशी जागा शोधली. दुबळ्या जोडीदाराशी वाटाघाटी करण्याची खरी कसोटी इथे लागते. मोठ्यानं विचारायला हवं, लहान्यानं खरं सांगायला हवं.

आता दुसऱ्या टोकाचं बोलू, म्हणजे भिडेचं. 'भीड ही भिकेची बहीण' हे आपल्या आज्या सांगत आल्या. आमच्या मुलांत हट्टी थोडे आणि भिडस्त फार. समोरचा मोठ्या शाळेचा, फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा म्हणाला, "टोपली आमची", की आपला मुलगा मान डोलावतो. त्याच्याकडे चांगले आकडे असतात, पण बाहेर पडत नाहीत. यावर आम्ही घरी सराव करून घेतला. एका वाक्यात आकडा, दुसऱ्या वाक्यात मागणी, तिसऱ्यात मोबदला. "आम्ही सरासरी सहा टाकतो, तुम्ही चार. टोपली आम्हांला द्या. चढायची चांगली जागा तुम्ही घ्या, तुम्ही तिसरी पायरी गाठता, आम्ही नाही." आवाज चढवायचा नाही, हात जोडायचे नाहीत. मागताना सोबत काही देऊ केलं की मागणं जड जात नाही.

प्रतिस्पर्ध्याशीही करार करायची वेळ येते, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. याच संस्थेची मोठ्या रोबोटांची स्पर्धा आहे, तिथे एका बाजूला तीन संघ असतात. २०१२ च्या खेळात मैदानाच्या मध्यावर झोक्यासारखा एक पूल होता. दोन विरोधी बाजूंचे रोबोट त्यावर एकत्र चढून तोल साधला, तर दोन्ही बाजूंना क्रमवारीचे २ गुण मिळत. सामना जिंकल्याचेही २ गुणच. म्हणजे हरलेल्या बाजूनं समोरच्याशी पूल साधला, तर तिच्या पदरात एका विजयाएवढं पडे. त्यामुळे सामन्याआधी मुलं समोरच्या बाकाकडे जाऊन विचारत, "पुलावर येणार का? आधी कोण चढणार?" आणि कबूल करून ऐन वेळी न येणाऱ्या संघाची गोष्ट दुपारपर्यंत सर्वांना कळे. स्पर्धा आणि सहकार्य हातात हात घालून कसे चालतात, हे त्या पुलानं जेवढं शिकवलं, तेवढं आमच्या भाषणांनी शिकवलं नसतं.

दुपारी निवड होते. क्रमवारीत वरचे संघ कर्णधार होतात आणि एकेक करून सगळ्यांसमोर, माइकवर, आपला जोडीदार बोलावतात. बोलावलेल्या संघानं 'हो' किंवा 'नाही' म्हणायचं. 'नाही' महाग असतं. एकदा नकार दिलेल्या संघाला त्या स्पर्धेत दुसरा कुणी निवडू शकत नाही. तो स्वतः कर्णधार झाला तरच खेळतो. म्हणून नकार देण्याआधी आपण कर्णधार होणार आहोत याची खात्री लागते. काही चतुर कर्णधार याचा उलटा उपयोग करतात. नकार येणार हे माहीत असूनही वरच्या क्रमांकांच्या संघांना बोलावतात, म्हणजे ते संघ एकमेकांशी जोडी करू शकणार नाहीत. नियमात बसतं. मुलं यावर तासन्‌तास वाद घालतात. आमचं मत विचाराल तर, नियमात बसतं ते करावं, पण नंतर त्या संघासमोर मान वर करून उभं राहता येईल एवढंच करावं.

निवडीत दोन मोह असतात. पहिला, क्रमवारीतला पुढचा संघ डोळे झाकून घेणं. साखळीतली क्रमवारी नशिबानं मिळालेल्या जोडीदारांवरही ठरते, त्यामुळे पाचव्या क्रमांकाचा संघ खरा दुसऱ्या योग्यतेचा असू शकतो. म्हणून आमची दोन-तीन मुलं दिवसभर वही घेऊन प्रेक्षकांत बसतात आणि प्रत्येक रोबोटची नोंद करतात. आपण टोपलीवाले असू तर दांडीवाला हवा. दोन ढोलकीवाले मिळून भजन होत नाही, एक टाळवालाही लागतो.

दुसरा मोह मैत्रीचा. हा जास्त अवघड. आमच्या मुलांचा एका शाळेच्या संघाशी घरोबा आहे. एकमेकांची बॅटरी वापरणं, डबे वाटून खाणं. त्या वर्षी आमचा संघ कर्णधार होणार हे दिसत होतं आणि त्या मित्रांना वाटत होतं की माइकवर आपलंच नाव येणार. वही वेगळं सांगत होती, कारण तेही टोपलीवाले होते. आमची कर्णधार निवडीआधी वीस मिनिटं त्यांच्या टेबलापाशी गेली. वही उघडून दाखवली आणि म्हणाली, "आम्ही तुम्हांला बोलावणार नाही. दोघेही एकच काम करतो. पण अमुक संघाला तुमच्यासारख्याची गरज आहे. त्यांच्याशी आत्ता जाऊन बोला, वेळ आहे." त्यांचे चेहरे उतरले. निवडीच्या वेळी त्यांनी आमच्या मुलांकडे पाहिलंही नाही. पण ते त्या दुसऱ्या संघाकडे गेले होते, आणि त्या संघानं त्यांना बोलावलं.

बाद फेरीत त्यांनीच आमच्या मुलांना हरवलं. हॉलमधून बाहेर पडताना त्यांच्या कर्णधारानं आमच्या मुलीला एवढंच म्हटलं, "बरं झालं आधी सांगितलंस." हरल्याचं दुःख होतंच, गाडीत दोन तास कुणी बोललं नाही. तरी आमच्यापैकी एकालाही तिनं वेगळं काही करायला हवं होतं असं वाटलं नाही. तोंडावर सांगितलेला नकार आणि माइकवर कळलेला नकार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आपण होळकरांच्या नगरीत राहतो, तेव्हा युतीचा विषय निघाल्यावर इतिहास आठवल्यावाचून राहत नाही. १७९५ साली खर्ड्याला पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले निजामाविरुद्ध एकत्र उभे राहिले आणि जिंकले. सात वर्षांनी, १८०२ च्या ऑक्टोबरात, पुण्याजवळ यशवंतराव होळकरांची फौज शिंदे आणि पेशवे यांच्या फौजेसमोर उभी होती. त्याच वर्षाच्या अखेरीस वसईचा तह झाला. कारणं अनेक आहेत, त्यात आज शिरत नाही. एका लढाईपुरतं एकत्र येणं आपल्याला जमत होतं. लढाई नसताना एकमेकांशी स्पष्ट बोलून ठेवणं जमायला हवं होतं. मुलं ते दर शनिवारी शिकताहेत, याचं आम्हांला फार मोल वाटतं.

पालकांना दोन विनंत्या. वाटाघाटी मुलांना करू द्या. आम्ही बॅटऱ्या उचलतो, पोहे करून नेतो, पाणी देतो आणि मुलं बोलत असताना चार पावलं मागे उभे राहतो. मध्येच तोंड घातलं की समोरची मुलं आपल्या मुलांशी बोलायचं सोडून आपल्याशी बोलू लागतात, आणि मग शिकायचं राहून जातं.

दुसरी, भाषेची. स्पर्धेत तमिळ, गुजराती, पंजाबी, कानडी, सगळ्या घरांतली मुलं येतात. आपली मुलं घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलत वाढली. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिल्यामुळे दुसऱ्याच्या भाषेत शिरून त्याचं मन ओळखायची सवय आपल्या घरांना आहे. गुजरातेतून आलेल्या एका लाजऱ्या मुलाशी आमच्या मुलीनं मोडक्यातोडक्या गुजरातीत दोन वाक्यं बोलल्यावर त्यानं आपल्या रोबोटची खरी उणीव सांगितली, इंग्रजीत तो "ऑल ओके" म्हणत होता. ही सवय जपा. घरातली मराठी सोडली म्हणजे मुलं पुढे जातील, असं समजू नका. दोन भाषांत वाढलेलं मूल बोलणी करायला बसतं, तेव्हा त्याच्या पाटीवर एक अंक आधीच लिहिलेला असतो.

उद्या संध्याकाळी आरतीनंतर याच सभागृहात मुलं मैदान मांडणार आहेत. आजोबा-आजींनीही कंट्रोलर हातात घेऊन पाहावा. जोडीदार चिठ्ठी टाकून ठरेल. आधी पाच मिनिटं बसून काय ते बोलून घ्या, कागद-पेन मुलं देतील. आणि उणीव आधी सांगायला विसरू नका!

गणपती बाप्पा मोरया!